किनाऱ्याकडे पोहायचं नाही

बडोद्यातल्या मराठी घरांना समुद्र माहीत असतो तो कावी-कंबोईचा. जंबुसरच्या पुढे, खंभातच्या आखातावर स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला पिंड पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा उघडी पडते, आणि लोक ते बघायला डबे बांधून जातात. त्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. भारतात एवढा फरक दुसरीकडे क्वचितच. लाट अशी तिथे फारशी नसतेच. गढूळ पाणी गुपचूप वाढत जातं आणि तसंच गुपचूप उतरतं. असा समुद्र बघत वाढलेल्या माणसाला वाटतं, धोका काय तो भरती-ओहोटीचा. वेळा विचारून घेतल्या की झालं.

रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे सुटणारा पाण्याचा अरुंद, जोरदार प्रवाह, वेळा विचारून येत नाही. तो भरतीतही असतो, ओहोटीतही असतो, सकाळी इथे तर दुपारी पन्नास पावलं पलीकडे. सर्फिंग शिकायचं तर त्याच्याशी गाठ पडतेच. जुने सर्फर तर मुद्दाम त्याच्यातूनच आत जातात, हात न दुखवता लाटांच्या पलीकडे पोचता येतं म्हणून. त्यामुळे त्याला नुसतं टाळून भागत नाही, त्याच्याशी वागायचं कसं ते शिकावं लागतं. मी ते कसं शिकले ते सांगते. सर्फिंगशी ज्यांना काही देणंघेणं नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण दिवाळीची सुट्टी लागली की आपण सगळे दीव, गोवा नाहीतर गणपतीपुळे गाठतो आणि ‘मला पोहता येतं’ एवढ्या भांडवलावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतो.

माझा भाचा मणिपालला शिकतो. शनिवार-रविवार पुस्तकं मिटून सर्फिंगला, कर्नाटक किनाऱ्यावरच्या कापूला नाहीतर मुल्कीला. त्यानेच माझ्या डोक्यात हे खूळ घातलं. “मावशी, तू रोज लालबागला एवढी पोहतेस, तुला चटकन जमेल.” लालबाग म्हणजे आमचा बडोद्यातला पोहण्याचा तलाव. चटकन काही जमलं नाही, पण फळीवर उभं राहण्याची माझी कहाणी वेगळी आणि बरीच विनोदी आहे, ती इथे नको. ओखा-एर्नाकुलम गाडी बडोद्याला पकडली की कोकण रेल्वेने थेट उडुपी. मुल्की तिथून जवळच. शांभवी आणि नंदिनी या नद्या तिथे एकत्र येऊन समुद्राला मिळतात. पलीकडच्या ससिहित्लूच्या पुळणीवर २०१६ मध्ये इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा पहिल्यांदा भरली होती. आमचा शिक्षक तिथलाच, मासेमारी करणाऱ्या घरातला, घरी तुळू, आमच्याशी हिंदी. वयाने माझ्याहून बराच लहान, पण मी त्याला अण्णा म्हणायचे आणि तो मला अक्का.

अण्णाने निघण्याआधीच फोनवर तयारी सांगितली होती. पायांत पुल-बॉय, म्हणजे फोमचा तरंगता ठोकळा, धरून फक्त हातांनी पोहायचं, कारण सर्फबोर्डवर पालथं पडून जे वल्हवायचं ते सगळं खांद्यांनी. उताणं पडून तरंगायचं, आणि तेही पोहण्याच्या पोशाखावर टी-शर्ट चढवून. तिसरी गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली. जिवाच्या आकांताने एक लांबी मारायची, पूर्ण दम लागला की कठड्याला हात न लावता तिथल्या तिथे उताणं पडायचं आणि श्वास जाग्यावर येईपर्यंत तसंच राहायचं. करून बघा. दम लागलेला असताना छाती वर, मान सैल, हात पसरलेले अशा अवस्थेत राहणं फार अवघड जातं. शरीर सारखं उठून बसायला बघतं आणि उठून बसायला गेलं की तोंड पाण्याखाली जातं. लालबागच्या सकाळच्या बॅचमधल्या काकू मला बघून कुजबुजायच्या. एकदा तर तलावावरच्या माणसाने शिट्टी फुंकून बांबू पुढे केला.

मुल्कीच्या पहिल्या सकाळी अण्णाने आम्हाला पाण्यात उतरूच दिलं नाही. पुळणीच्या वरच्या अंगाला, माडांच्या खाली वाळूचा उंचवटा होता, तिथे बसवलं आणि म्हणाला, “देखो. बस देखो.” मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत. चार-पाचच्या गटाने येतात, मग काही मिनिटं शांतता, मग पुन्हा गट. या गटाला सर्फर सेट म्हणतात. दोन-तीन सेट येऊन जाईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही, असा नियम होता. पाण्याच्या काठाला उभं राहून हे दिसत नाही. उंचावरून दिसतं.

डावीकडे लाटा पांढऱ्याशुभ्र फुटत होत्या, उजवीकडेही. मधे एक पट्टा होता, वीसेक मीटर रुंद, तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी जरा गडद, वर बारीक चुण्या, आणि नीट पाहिलं तर फेसाचे तुकडे आणि ढवळलेली वाळू उलट्या दिशेने, आतून बाहेर चालली होती. मुलाबाळांना घेऊन उतरायचं तर मी डोळे मिटून तीच जागा निवडली असती. अण्णाने एक नारळाचं सोडण उचललं, त्या पट्ट्याच्या तोंडाशी टाकलं आणि परत येऊन बसला. सोडण बघता बघता फुटणाऱ्या लाटांच्या रेषेपर्यंत गेलं. तिथे रेंगाळलं. मग हळूच डावीकडे सरकलं, पांढऱ्या फेसात सापडलं आणि बऱ्याच वेळाने लाटांनी ते पुन्हा वाळूवर आणून टाकलं. टाकलं होतं तिथे नाही, भरपूर बाजूला.

पुढे वाचनात आलं की कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथे जेमी मॅकमहान यांनी हेच सोडण-प्रकरण शास्त्रशुद्ध केलं होतं. जीपीएस लावलेली तरंगती यंत्रं रिपमध्ये सोडून ती कुठे जातात ते पाहिलं, आणि २०१० च्या सुमाराला ते काम प्रसिद्ध झालं. बहुतेक यंत्रं काही मिनिटांत गोल फिरून उथळ पाण्यात परत आली. ऑस्ट्रेलियात रॉब ब्रँडर हे प्राध्यापक जांभळा रंग पाण्यात सोडून लोकांना रिप दाखवतात. सगळ्याच किनाऱ्यांवर पाणी असं परत फिरत नाही, काही ठिकाणी ते लाटांच्या पलीकडे निघून जातं, हेही त्या अभ्यासांतूनच पुढे आलं. म्हणून ‘नुसतं तरंगत राहा, आपोआप परत याल’ हा सल्लाही अर्धाच.

हे का घडतं, ते वाळूवर काडीने रेघा ओढून अण्णाने समजावलं. किनाऱ्यापासून थोडं आत पाण्याखाली वाळूचा लांबट उंचवटा असतो. लाट त्याच्यावर आली की पाणी उथळ होतं आणि लाट फुटते. प्रत्येक फुटलेली लाट पाणी किनाऱ्याकडे ढकलते, त्यामुळे उंचवटा आणि किनारा यांच्यामध्ये पाण्याची पातळी थोडीशी चढते. ते पाणी परत तर जायला हवं. उंचवट्यात जिथे खाच असेल तिथे ते बाजूबाजूने वाहत येतं आणि तिथून समुद्राकडे सुटतं. खाच खोल असते, खोल पाण्यात लाट फुटत नाही, म्हणून ती जागा शांत दिसते. ओहोटीला उंचवट्यावर पाणी आणखी कमी होतं, परतीचं जास्तीत जास्त पाणी खाचेतूनच जातं आणि ओढ वाढते. आपल्याकडचे लोक ओहोटीला दोष देतात त्यात एवढं तथ्य आहे. खडकाच्या कडेला किंवा धूप थांबवायला टाकलेल्या दगडी बंधाऱ्याच्या कडेला रिप जवळजवळ कायमचा मुक्कामाला असतो, कारण किनाऱ्याला समांतर वाहणारं पाणी तिथे आपटून समुद्राकडे वळतं. आणि हे पाणी माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतं. लोक बुडतात ते थकून आणि घाबरून.

किती थकून, त्याचा हिशोब मी रात्री खोलीवर केला. नेहमीच्या रिपचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. मी लालबागला ताजी असताना २५ मीटर अर्ध्या मिनिटात जाते, म्हणजे सेकंदाला जेमतेम ०.८ मीटर. किनाऱ्याकडे तोंड करून पूर्ण ताकदीने पोहले तर दर सेकंदाला फूटभर पुढे. पन्नास मीटर यायला जवळपास तीन मिनिटं, तीही त्याच वेगाने. त्या वेगात मी तीन मिनिटं टिकत नाही, आणि मागून लाटा येत असतात, तोंडात पाणी जात असतं. ओढ एक मीटरची झाली की मी पोहता पोहता मागे जाणार. रिपचा मोजला गेलेला वेग सेकंदाला २.४ मीटरपर्यंत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम ४६.४० सेकंदांचा झाला, त्याची सरासरी निघते २.१६ मीटर. तेव्हा ‘चांगलं पोहता येतं’ या वाक्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसऱ्या सकाळी, अण्णा शेजारी असताना, मुद्दाम त्या पट्ट्यात उतरायचं होतं. बोर्ड शिकाऊ माणसाचा, लांब, जाड, वरून मऊ. त्याची दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला. उतरण्याआधी अण्णाने किनाऱ्यावरच्या दोन खुणा निवडायला लावल्या: पुढे जाळी ठेवायची निळी शेड, तिच्या बरोब्बर मागे एक वाकलेला माड. दोन्ही एका रेषेत दिसताहेत तोवर तू बाजूला सरकलेली नाहीस. दोन्ही लहान होत चालले की तू बाहेर चालली आहेस. याचं महत्त्व पाण्यात गेल्यावर कळलं, कारण रिपमध्ये शिरल्याचं अंगाला काहीच कळत नाही. धक्का नाही, ओढ नाही, आवाज नाही. तुमच्या भोवतालचं सगळं पाणीच चाललेलं असतं, त्यामुळे तुम्ही जागेवरच आहात असं वाटतं. मी पालथी पडून हात न हलवता गप्प राहिले. मान वळवून बघते तो शेड काडेपेटीएवढी.

मग मागून सेट आला. दोन्ही बाजूंना लाटा धडाधड फुटल्या आणि थोड्याच वेळात, या वेळी मात्र अंगाला जाणवेल अशी, ओढ वाढली. रिप एकसारखा वाहत नाही. सेट आला की भरपूर पाणी आत ढकललं जातं, ते सगळं परत सुटतं, आणि काही क्षण वेग वाढतो. बहुतेक लोक घाबरून हातपाय मारतात ते नेमके त्या क्षणी. अण्णाने माझ्या बोर्डचं नाक धरलं आणि म्हणाला, “रुको, अक्का. जाने दो.” लाटांच्या रेषेच्या जरा पलीकडे गेल्यावर ओढ आपसूक मंदावली. तिथे पाणी पसरतं, त्याचा जोर संपतो. आम्ही बोर्डवर उठून बसलो, त्याने मला पाणी किती निळं आहे ते दाखवलं, मग किनाऱ्याला समांतर वल्हवत डावीकडे, जिथे लाटा फुटत होत्या तिथे गेलो, आणि पांढऱ्या फेसावर पालथं पडून थेट वाळूत. उभं राहण्याची हौस तेव्हा करायची नाही. पोटावर पडून यायचं.

हीच गोष्ट बोर्डशिवाय करायला मला जास्त दिवस लागले. लीश तुटू शकते, म्हणून पोहूनही बाहेर पडता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तो लाल बचावनळी खांद्याला अडकवून मागे असायचा. उताणं पडायचं, एक हात सरळ वर करायचा, म्हणजे किनाऱ्यावरच्याला कळतं की मदत हवी आहे. श्वास जाग्यावर आला की मग दिशा ठरवायची. लालबागची ती विचित्र कसरत इथे उपयोगी पडली.

दिशा ठरवण्यातच माझी गाडी अडत होती. डोकं वर काढलं की समोर किनारा दिसतो, माणसं दिसतात, त्यांचे कपडेही दिसतात. एवढ्या जवळ दिसणाऱ्या जागेकडे पाठ नाहीतर कूस करायची, हे शरीर ऐकत नाही. वर दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या लाटा, त्यांचा आवाज, आणि आपण ज्यात आहोत ते पाणी शांत. शांत पाणी सोडून त्या आदळआपटीत स्वतःहून कोण शिरेल?

एका दुपारी ते सुटलं. लहानपणी बाबा आणि थोरले काका आम्हाला चांदोदला न्यायचे. नर्मदेत पोहायचा काकांचा नियम होता, प्रवाहाशी भांडायचं नाही. समोरचा घाट दिसतो म्हणून त्याच्याकडे तोंड करायचं नाही. तिरकं कापत जायचं आणि खाली जिथे लागू तिथे लागायचं. तिथले नावाडीही नाव तशीच नेतात. रिप ही तशीच एक छोटी नदी आहे, फक्त ती किनाऱ्यापासून समुद्राकडे वाहते. मला दिसणारा किनारा हा तिचा काठ नव्हेच, तो तिचा उगम आहे, आणि उगमाकडे पोहत जायला काकांनी कधीच सांगितलं नसतं. तिचे काठ दोन्ही बाजूंना आहेत: फुटणाऱ्या लाटा. तिथे पाणी उथळ आहे आणि तिथली प्रत्येक लाट मला किनाऱ्याकडेच ढकलणार आहे. अण्णाला हे हिंदीतून सांगायला गेले तर तो म्हणाला, हमारे लिए तो शांभवी है, हम भी वैसे ही सीखे. म्हणजे त्याला हे आधीपासून माहीत होतं आणि त्याने मला बोलूनही दाखवलं नव्हतं. शिक्षकांचा हा प्रकार मला कधी आवडलेला नाही.

नदीचं उदाहरण एका जागी तोकडं पडतं, तेवढं सांगायला हवं. रिपचं पाणी बऱ्याचदा सरळ न जाता तिरकं जातं, शिवाय किनाऱ्याला समांतर एक वेगळा प्रवाह असतोच. त्यामुळे दोन काठांपैकी एकाकडे जाणं सोपं आणि दुसऱ्याकडे महाकठीण असू शकतं. कुठला सोपा हे आधी सांगता येत नाही. थोडं पोहून बघायचं, खुणांकडे बघायचं, सरकत नसलो तर हट्ट न धरता दुसरीकडे वळायचं. आणि नदीच्या मुखाशी ओहोटीला जे पाणी बाहेर जातं ते या सगळ्यापेक्षा वेगळं प्रकरण, खूप रुंद आणि खूप लांबवर नेणारं. मुल्कीच्या मुखाकडे ओहोटीच्या वेळी अण्णा आम्हाला फिरकूही देत नसे.

खरा प्रसंग मे महिन्यात आला. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जूनला सुरू होते, त्याच्या आधीचे ते दिवस. आकाश निरभ्र, सकाळी वारा जवळजवळ नाही, तरी लाटा हिवाळ्यापेक्षा कितीतरी दमदार. या लाटा आपल्या वाऱ्याच्या नसतात. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत त्या तयार होतात आणि हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. केरळात अशा लाटांच्या उधाणाला कल्लक्कडल म्हणतात, चोरसमुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्यांचे इशारे देते. लाटांची उंची आणि दोन लाटांमधला वेळ तिच्या अंदाजात मिळतो. मी आधी फक्त उंची बघायचे. अण्णाने दुसरा आकडाही बघायला शिकवलं. दोन लाटांमध्ये आठ सेकंद असतील तर एक गोष्ट, पंधरा असतील तर तेवढ्याच उंचीची लाट कितीतरी जास्त जोर घेऊन येते. त्या दिवशी इशारा नव्हता, आकडा मध्यम होता, आणि सकाळी तेवढा वेळ उतरायची परवानगी मिळाली.

मी लाटांच्या पट्ट्यातच होते. एक लाट पकडली, पडले, वर आले तर दुसरी डोक्यावर, मग तिसरी. प्रत्येक वेळी बोर्ड लीशला हिसके देत किनाऱ्याकडे ओढत होता. सेट संपला, मी दोरी ओढून बोर्ड हाताशी घेतला, त्याच्यावर पालथी पडले आणि सवयीने खुणा शोधल्या. निळी शेड होती, वाकलेला माड तिच्या मागे नव्हताच, पार उजवीकडे गेला होता. आणि दोन्ही लहान. सकाळी इथे खाच नव्हती, आम्ही नीट पाहिलं होतं. मोठ्या सेटनंतर असे तात्पुरते रिप उठतात आणि काही मिनिटांत विरतात, हे माहीत होतं, पण एखादी गोष्ट माहीत असणं आणि तिच्यात असणं यांत अंतर असतं. काळजाचे ठोके कानात ऐकू येत होते.

पहिलं काम बोर्ड न सोडणं. घाबरलेला माणूस बोर्ड टाकून पोहायला लागतो, कारण पोहणं ही जास्त ओळखीची गोष्ट असते. बोर्ड म्हणजे पाण्यावरची जमीन, तो आहे तोवर बुडण्याचा प्रश्न नाही. मी हनुवटी बोर्डवर टेकली आणि श्वास मोजला. पाणी कोमट होतं, ही आपल्या समुद्राची मेहेरबानी. थंड पाण्याच्या देशांत माणसाला एवढी उसंत मिळत नाही. मग डावीकडे वल्हवायला लागले, कारण पांढरं पाणी डावीकडे जवळ दिसत होतं. बरेच हात मारले. शेडकडे बघितलं. जागची हलले नव्हते. समांतर प्रवाह समोरून येत होता. वळले, उजवीकडे, लांबच्या काठाकडे. तो लांब दिसत होता, पण प्रवाह पाठीशी आल्यावर तो काठ जणू स्वतःच जवळ आला. फेसाचे पहिले तुकडे बोर्डखालून किनाऱ्याकडे जाताना दिसले तेव्हा ओढ सुटल्याचं कळलं. मागे बघत थांबले, मोठी लाट जाऊ दिली, पुढची मधली घेतली, बोर्डच्या कडा घट्ट धरल्या आणि पोटावर पडून वाळूपर्यंत आले. उठल्यावर खांदे इतके थरथरत होते की लीशची पट्टी सोडवता येईना.

भाचा लांबून चालत आला. “मावशी, होतीस कुठे तू?”

“जरा फिरून आले.”

अण्णाने सगळं उंचवट्यावरून पाहिलं होतं, शिट्टी तोंडात धरून. लांबचा काठ निवडलास ते बरं केलंस, एवढंच म्हणाला. मग नारळ फोडून दिला.

त्याच आठवड्यात कोल्हापूरकडचं एक कुटुंब आलं होतं. दोन लहान मुली आणि त्यांची आजी गुडघाभर पाण्यात, बाबा जीन्स दुमडून कमरेपर्यंत आत, नेमके त्या गडद पट्ट्याच्या तोंडाशी. मराठी ऐकू आलं म्हणून अण्णाने मला पाठवलं. मुलींच्या आईने माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, पण तिकडे केवढ्या लाटा आहेत. इथे लाटा नाहीत म्हणून तर मुद्दाम इथे उभं केलंय यांना.” तिला मी काय उत्तर देणार? तिची अक्कल अगदी ठिकाणावर होती. सहा महिन्यांपूर्वी मीही तेच केलं असतं. सोडण टाकून दाखवल्यावर ती पटकन मुलींना घेऊन वर गेली. बाबा मात्र आणखी थोडा वेळ पाण्यात उभे राहिले. पुरुषमंडळींना सोडण पुरत नाही.

कुणी वाहून जाताना दिसलं तर काय करायचं, हेही अण्णाने तेव्हाच सांगितलं. हातात तरंगणारी वस्तू नसेल तर मागे उडी मारायची नाही. वाचवायला गेलेला माणूस बुडतो आणि ज्याला वाचवायचं तो तरंगत परत येतो, असंही घडलेलं आहे. रिकामा कॅन, फुगवलेली ट्यूब, बर्फाच्या पेटीचं झाकण, जे असेल ते त्याच्याकडे फेकायचं, बाजूच्या फेसाकडे हात दाखवून ओरडायचं, नजर त्याच्यावरून हटवायची नाही आणि दुसऱ्याला लाइफगार्डकडे पळवायचं. गोव्यात किनाऱ्यांवर लाल-पिवळे झेंडे दिसतात, त्यांच्यामधली जागा लाइफगार्डने बघून ठरवलेली असते. नुसता लाल झेंडा असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही.

बडोद्याला परत आल्यावर थोरल्या काकांना हे सगळं सांगितलं. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ओसरीवर काका पेपर वाचत बसले होते. आयुष्यभर गुजराती व्यापाऱ्यांत वावरल्यामुळे वाद घालायचा झाला की ते गुजरातीत शिरतात. “ए तो बधुं ठीक छे,” ते म्हणाले, “पण ज्याला नर्मदा पोहता येते त्याला तुझा तो रिप काय करणार?” मी पेपरच्या समासावर किनारा काढला, उंचवटा काढला, खाच काढली, बाण काढले. काकांनी चष्मा वर केला.

“म्हणजे किनारा वरच्या अंगाला आला.”

“हो.”

“आणि काठ हे दोन. रुंदी किती असते?”

“बहुतेक वेळा दहा-वीस मीटर. फार तर तीस-चाळीस.”

“एवढंच? ओरसंग नदीसुद्धा याच्याहून रुंद आहे.” ते थोडा वेळ चित्राकडे बघत राहिले. “आणि लोक उगमाकडे पोहतात?”

“सगळे.”

त्यांनी पेपरची घडी घातली. दिवाळीत नातवंडांना घेऊन गणपतीपुळ्याला जायचं त्यांचं ठरलेलं आहे, खोल्याही बुक झाल्यात. काकूंना हाक मारून म्हणाले, यंदा मुलांना घेऊन आधी वर कुठेतरी उंचावर बसायचं, चहा तिथेच, पाण्यात नंतर. मग माझ्याकडे वळून, “तिथे लाइफगार्ड किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, ते जरा फोन करून विचारून ठेव. आणि शिट्टी कुठे मिळेल? खंडेराव मार्केटात असेल ना?”